वसईविजयी श्रीमंत चिमाजीअप्पा

अच्छाडहून मुंबईच्या वाटेला लागले की तलासरी मागे पडते, विवळवेढ्याच्या श्रीमहालक्ष्मीला हात जोडून गाडी पुढे निघते आणि चारोटी सोडून मनोरकडे जाताना अशेरीचा उंच डोंगर दिसू लागतो. तिकडे पश्चिमेला समुद्राच्या कडेने डहाणू, तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे अशी गावे ओळीने वसली आहेत. या प्रत्येक ठिकाणी एखादा तट, बुरूज किंवा पडका कोट आजही पाहावयास मिळतो. हा सारा मुलूख एके काळी पोर्तुगिजांच्या, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत फिरंग्यांच्या अमलाखाली होता. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसई त्यांना दिली. तेव्हापासून १७३९ पर्यंत दोनशेहून अधिक वर्षे त्यांची सत्ता या किनाऱ्यावर राहिली. ती ज्यांनी उठविली ते श्रीमंत चिमाजीअप्पा पेशवे.

वसईचा विजय सर्वांना ठाऊक आहे. शाळेतल्या मुलालाही तो सांगता येतो. परंतु त्या विजयाच्या आधी दोन वर्षे अपयशामागून अपयश आले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शिड्या मोडल्या, मोर्चे उधळले गेले, मोहरे कामास आले, दोन पावसाळे वाया गेले. अप्पांचे थोरपण समजून घ्यावयाचे असेल तर त्यांच्या विजयाइतकाच त्यांच्या या पडत्या काळाचा विचार केला पाहिजे. मंदिराच्या जीर्णोद्धारासारखे दीर्घ काळाचे काम हाती घेणाऱ्या गावाला त्यांचे चरित्र म्हणूनच विशेष जवळचे वाटावे.

घराणे व पूर्वायुष्य

चिमाजीअप्पा हे श्रीवर्धनच्या भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे पुत्र. मातोश्रींचे नाव राधाबाई. थोरले बंधू म्हणजे प्रख्यात बाजीराव. १७२० साली वडील वारले, छत्रपती शाहूमहाराजांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावांना दिली आणि अप्पा ऐन कोवळ्या वयात भावाच्या कारभारात शिरले. बाजीराव घोड्यावर बसून दूरदेशी स्वाऱ्या करीत. मागे पुण्याचा कारभार, पैशाची जुळवाजुळव, फौजेची रसद आणि महाराजांच्या दरबारातील नाजूक प्रकरणे हे सर्व अप्पा सांभाळीत. राम-लक्ष्मणाच्या जोडीची उपमा या दोघा भावांना लोक देत आले आहेत आणि ती यथार्थ आहे.

अप्पांची प्रकृती मात्र प्रथमपासून नाजूक होती. खोकला व दम यांनी ते वारंवार हैराण होत. संसाराचे सुखही त्यांना फार लाभले नाही. १७३० च्या ऑगस्टमध्ये पुत्र सदाशिव जन्मला आणि त्यानंतर लवकरच पत्नी रखमाबाई निवर्तल्या. ते पोर आजी राधाबाईंच्या मांडीवर वाढले. पुढे पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ ते हेच.

पहिले मोठे यश आणि लगेच त्यामागे आलेला विरस हा अनुभवही अप्पांना तरुणपणीच आला. १७२८ च्या नोव्हेंबरात माळव्यात अमझेरा येथे त्यांनी बादशाही सुभेदार गिरिधर बहादूर याचा पुरता मोड केला. सुभेदार रणांगणावर पडला. त्या विजयाच्या भरात फौज उज्जैनीवर गेली, परंतु तेथे वेढा रेंगाळला आणि शहर हाती न घेताच निघावे लागले. मोकळ्या रानातली लढाई एक आणि तटबंदीशी झुंज दुसरी, हा धडा तेथे मिळाला. पुढे वसईपुढे बसताना त्यांना तो पुन्हा शिकावा लागला.

१७३६ च्या एप्रिलात अलिबागनजीक जंजिऱ्याचा मातबर सरदार सिद्दी सात याला अप्पांनी लढाईत मारले. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना, ज्यांना पेशवे घराणे गुरुस्थानी मानी, या बातमीने मोठे समाधान झाले. कोकणपट्टीत अप्पांचे नाव झाले. आणि मग वसईचा प्रश्न पुढे आला.

वसईची मोहीम का निघाली

वसई व साष्टी या भागातील रयत फिरंगी अमलात गांजलेली होती. देवळे पाडली गेली होती, सणवार व लग्नकार्ये उघडपणे करण्यास बंदी होती, अनेकांना घरदार सोडून परमुलखात जावे लागले होते. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी या दुःखाची दाद लावून घेण्याचा ध्यास घेतला. साष्टीच्या बखरीत या नाईक मंडळींच्या खटपटींची हकीकत आली आहे. त्यांनी पेशव्यांकडे एकदा नव्हे, वर्षानुवर्षे खेटे घातले. कधी वेळ अनुकूल नव्हती, कधी फौज दुसरीकडे गुंतलेली होती. परंतु नाईक मंडळींनी आशा सोडली नाही. वाटा, उतार, खाडीची भरती-ओहोटी, कोणत्या ठाण्यात किती शिबंदी, ही सगळी माहिती ते गोळा करीत राहिले. मोहीम ठरली तेव्हा हीच माहिती फौजेच्या उपयोगी पडली.

१७३७ च्या मार्चअखेरीस मराठे साष्टीत उतरले. ठाण्याला फिरंगी नवा किल्ला बांधीत होते, तो पुरा होण्याआधीच मराठ्यांनी ठाणे घेतले. अर्नाळ्याचे बेटही शंकराजी केशव फडके यांच्या लोकांनी हस्तगत केले. साष्टीचा बहुतेक भाग हाती आला. सुरुवात अशी झाली की वसई आता चार दिवसांची गोष्ट आहे असे कोणालाही वाटावे.

पडता काळ

परंतु वसई पडली नाही. तिचा कोट तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला. जमिनीची बाजू एकच आणि तेथे जाडजूड तट, बळकट बुरूज व त्यांवर तोफा. समुद्र फिरंग्यांचा, त्यामुळे दारूगोळा, दाणा व ताजी माणसे गलबतांतून येतच राहिली. १७३७ च्या पावसाळ्यात रात्रीच्या अंधारात शिड्या लावून तटावर चढण्याचे प्रयत्न झाले आणि ते फसले. माणसे गेली आणि हाती काही लागले नाही.

त्या सालच्या अखेरीस निजामाने उत्तरेत पुन्हा उचल खाल्ली. बाजीराव भोपाळकडे गेले आणि निजामाचा मुलगा नासिरजंग याने बापाच्या मदतीस जाऊ नये म्हणून अप्पांना तापीकडे तळ द्यावा लागला. भोपाळास बाजीरावांचा विजय झाला, परंतु वसईपुढचे मोर्चे तोवर दुबळे पडले. १७३८ च्या आरंभी माहीमला घातलेला वेढा समुद्रातून आलेल्या फिरंगी मदतीने उधळून लावला. पेद्रु द मेलु नावाचा त्यांचा सेनानी मोठा धाडसी होता. मराठ्यांची बरीच माणसे तेथे पडली. त्याच वर्षाच्या शेवटी ठाणेही परत घेण्याच्या इराद्याने तो खाडीत शिरला. तेथे तोफेचा गोळा लागून तो ठार झाला म्हणून ठाणे वाचले. नाहीतर दोन वर्षांची सारी कमाई एका दिवसात जाती.

अशा वेळी माणसाच्या मनात काय येते, हे कोणीही आपल्या अनुभवावरून जाणू शकतो. एकदा हरणे सोसते. दोनदा हरले की जवळची माणसेही सल्ला देऊ लागतात. खर्च वाढतो, कर्ज वाढते, आणि हे काम आपल्या नशिबीच नाही असे वाटू लागते. मोहिमेचा पैसा हा पेशव्यांच्या डोक्यावरचा मोठाच भार होता. अप्पांची तब्येतही साथ देत नव्हती. मोहीम आवरती घेण्यास यापेक्षा चांगली कारणे कोणती हवीत?

उत्तरेकडून उलगडलेली गाठ

अप्पांनी मोहीम आवरती घेतली नाही. त्याचबरोबर, तीच चढाई तशीच पुन्हा करण्याचा हट्टही धरला नाही. वसई का पडत नाही, याचा विचार त्यांनी केला. वसईचे बळ एकट्या वसईत नव्हते. उत्तरेकडे दमणपर्यंत किनाऱ्याला लागून असलेली ठाणी एकमेकांना आधार देत होती. माहीमला वेढा पडला की मदत येई, वसईला वेढा पडला की लक्ष दुसरीकडे खेचले जाई. ही साखळी आधी तोडली पाहिजे, मग वसई एकटी पडेल, असा निश्चय झाला. १७३९ च्या जानेवारीत अप्पा स्वतः मोहिमेच्या आघाडीवर आले आणि वसईला बाजूस ठेवून प्रथम उत्तर किनाऱ्याकडे वळले.

येथून पुढचा इतिहास आपल्या भागाचा आहे. ज्या माहीमने गेल्या वर्षी मराठ्यांना माघार घ्यावयास लावली होती, ते माहीम जानेवारीतच शरण आले. केळवे, शिरगाव हाती आले. डहाणूचा कोटही मराठ्यांकडे आला. तारापूर मात्र सहज वाकेना. तटाखाली सुरुंग घालून, खिंडार पाडून, हातघाईने ते घ्यावे लागले. या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हे अप्पांचे जिवलग सरदार तोंडावर गोळी लागून पडले. तारापूर मिळाले परंतु तो आनंद अप्पांना भोगता आला नाही. बाजी भिवरावांच्या मातोश्रींना त्यांनी सांत्वनपर पत्र लिहिले. विजयाच्या दिवशी अप्पांनी पडलेल्या माणसाच्या आईची आठवण ठेवली. त्यांच्यासाठी माणसे मरावयास का तयार होत, याचा उलगडा येथे होतो.

एका महिन्यात उत्तरेची बाजू मोकळी झाली. गेली दोन वर्षे जे साधले नाही ते साधले, कारण वार करण्याची जागा बदलली होती.

वसईचा अखेरचा वेढा

१७३९ च्या फेब्रुवारीच्या मध्यास अप्पा वसईपुढे येऊन बसले. मानाजी आंग्रे यांचे आरमार समुद्राच्या बाजूने मदतीस होते. वेसावे व धारावी ही दक्षिणेकडची ठाणीही त्याच हंगामात घेण्यात आली. आता वसईला बाहेरून आधार उरला नाही.

तरीही वेढा सोपा नव्हता. उत्तरेकडील रेताड जमिनीतून चर खणीत तटापर्यंत पोहोचायचे, वरून गोळ्यांचा व पेटत्या पदार्थांचा वर्षाव सोसायचा, आणि बुरुजांच्या पायथ्याशी सुरुंगांची भुयारे न्यायची. फिरंगीही शर्थीने लढत होते. त्यांचा सेनापती सिल्वेरा द मेनेझिस लढाईत पडला, तेव्हा कायतानो द सौझा परेरा याने त्याची जागा घेतली आणि लढा चालू ठेवला. शत्रूच्या या शौर्याची कबुली अप्पांनी आपल्या पत्रांत मोकळेपणाने दिली आहे.

दुसरीकडे काळ थांबत नव्हता. इराणचा नादिरशहा दिल्लीवर येऊन बसला होता आणि बाजीरावांना उत्तरेकडे मोठी फौज हवी होती. ती फौज वसईपुढे अडकलेली. मे महिना उजाडला. कोकणचा पावसाळा जवळ आला. पाऊस लागला की चर पाण्याने भरणार, दारू भिजणार आणि तिसरे वर्षही फुकट जाणार.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुंगांना बत्ती दिली गेली. काही उडाले, तटास खिंडार पडले, लोक हर हर महादेव करीत आत धावले. इतक्यात मागे राहिलेला सुरुंग उशिरा उडाला आणि आपलीच माणसे त्याखाली सापडली. चढाई मोडली. दोन वर्षांच्या श्रमानंतर अगदी दाराशी आलेले यश आपल्याच दारूने उधळावे, याहून मोठा आघात कोणता? याच प्रसंगाची एक आख्यायिका लोक सांगतात. वसई हाती येत नसेल तर आपले मस्तक तोफेला बांधून किल्ल्यात उडवावे, म्हणजे मेल्यावर तरी ते वसईत पडेल, असे अप्पांनी आपल्या सरदारांना सांगितले म्हणे. ही आख्यायिका अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या तोंडी टिकली, कारण त्या दिवसाची तळमळ तीत उतरली आहे.

सरदारांनी आणि शिपायांनी मागे पाहिले नाही. जखमींना हलविले, पडलेल्यांना बाजूला केले आणि उरलेले सुरुंग पुन्हा सिद्ध केले. दुसऱ्या दिवशी सान सेबास्त्यांवच्या बुरुजाखालचा सुरुंग उडाला, बुरूज ढासळला आणि मराठे त्यावर पाय रोवून बसले. ते काही केल्या हटेनात. अखेर १६ मे १७३९ रोजी किल्ला खाली करण्याचा तह झाला आणि २३ मे रोजी फिरंगी वसई सोडून गेले. हजारो माणसांच्या मोलाने ही वसई मिळाली.

तहाच्या अटी पाहिल्या की अप्पांचे मन कळते. शरण आलेल्या सैन्याला मानाने, बायकामुलांसह व चीजवस्तूंसह जाण्यास मोकळीक दिली. जे राहतील त्यांना आपला ख्रिस्ती धर्म पाळण्याची मुभा दिली. ज्या धर्मछळाविरुद्ध हे युद्ध झाले तो छळ उलट बाजूने सुरू होऊ दिला नाही. दोन वर्षे अपयश आणि दुःख सोसलेल्या माणसाला विजयाच्या क्षणी सूड सुचला नाही, हा त्या विजयाचा खरा कळस म्हटला पाहिजे. आज वसईत व आपल्या तालुक्यातही निरनिराळ्या धर्मांचे लोक शेजारधर्माने राहतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नवस आणि घंटा

वसईच्या वाटेवर अप्पांनी श्रीवज्रेश्वरी देवीला नवस केला होता. फत्ते झाली तर देवीचे मंदिर किल्ल्यासारखे बांधीन, असा तो नवस असल्याचे सांगतात. वसई मिळाल्यावर सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडून अप्पांनी ते मंदिर बांधविले. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या परिसरात टेकडीवर उभे असलेले वज्रेश्वरीचे मंदिर ते हेच. तटबंदी आणि पायऱ्यांमुळे ते खरोखर किल्ल्यासारखे दिसते. पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी तेथे नगारखाना बांधला. एकाने पाया घातला, दुसऱ्याने भर घातली. देवळे अशीच उभी राहतात आणि अशीच टिकतात.

वसईहून आलेल्या मोठमोठ्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा, मेणवलीची घंटा, भीमाशंकरची घंटा यांची गणना अशांतच होते. त्या ज्यांच्या कानी पडतात त्यांना वसईची आठवण होते.

अखेर

विजयानंतर अप्पांना विसावा मिळाला नाही. १७४० च्या एप्रिलात नर्मदातीरी रावेरखेडी येथे बाजीराव अकस्मात वारले. ज्यांच्यासाठी अप्पांनी सारे आयुष्य वेचले ते थोरले बंधू गेले. ते दुःख गिळून त्यांनी पुतणे नानासाहेब यांना पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले. परंतु शरीर पुरते झिजले होते. १७ डिसेंबर १७४० रोजी, वसई जिंकल्यावर दोन वर्षेही उलटली नसताना, अप्पांनी देह ठेवला. पुण्यास ओंकारेश्वराच्या मंदिराजवळ त्यांची समाधी आहे.

अप्पांचे आयुष्य लहान. त्यातली दोन वर्षे एकाच कोटापुढे गेली. परंतु त्या दोन वर्षांनी जे शिकविले ते दीर्घायुषी माणसालाही पुरेल. आशा म्हणजे नुसती वाट पाहणे नव्हे. अपयश आले की ते का आले याचा शोध घेणे, मुख्य काम अडले असेल तर त्याला लागून असलेले जवळचे काम आधी पुरे करणे, गेलेल्या माणसांची आठवण ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चर खणावयास उतरणे, याचे नाव आशा. माहीमला माघार घेतलेली माणसेच वर्षभराने माहीम घेऊन तारापुरावर गेली.

गावकीच्या कामातही असेच प्रसंग येतात. कधी वर्गणी पुरी पडत नाही, कधी पावसाने बांधकाम थांबते, कधी आपसांत मतभेद होऊन काम वर्षभर लांबते. शेतकऱ्याला तर हे सांगावे लागत नाही. एक पीक गेले म्हणून पुढच्या मृगाला बियाणे पेरावयाचे तो थांबत नाही. कुणाची शंभराची पावती, कुणाची गाडीभर रेती, कुणाचे चार दिवसांचे श्रमदान यांतून मंदिर उभे राहते. प्रत्येक दगडामागे कोणाची तरी चिकाटी असते.

अशेरीच्या डोंगराकडे पाहताना, तारापूरच्या तटाखालून जाताना किंवा वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना त्या नाजूक प्रकृतीच्या, परंतु अढळ मनाच्या पुरुषाचे स्मरण व्हावे. देवळात घंटा वाजेल तेव्हा त्यांच्यासाठीही क्षणभर हात जोडावेत. काम अपुरे राहिले म्हणून खचू नये आणि पुरे झाले म्हणून उन्मत्त होऊ नये, एवढी सुबुद्धी श्रीचरणी मागावी.

॥ शुभं भवतु ॥